बेरापितच्या घाटात सुटणारा गिअर

झलेहा गाडी चालवायला शिकली ती चौपन्नाव्या वर्षी, आणि तीही हौसेने नव्हे. साखरेच्या दुखण्याने नवऱ्याचे डोळे नेले म्हणून.

तिचा नवरा देरामान सत्तावीस वर्षं इपोह ते ताइपिंग बस चालवत होता. मोठा टोलचा रस्ता झाला नव्हता तेव्हापासून. त्यांच्या पादांग रेंगास गावाच्या डोक्यावरच बेरापितचा घाट, आणि त्या घाटाचं एकेक वळण त्याला अंगणासारखं माहीत. निवृत्त झाल्यावर त्याने एका मास्तरांकडून चार दारांची एक छोटी गाडी विकत घेतली. आता बायकोला घेऊन पेनांग बघू, लंकावी बघू, असं म्हणत होता. पेनांग एकदा झालं. त्यानंतर पायाचं एक बोट काढावं लागलं, मग नजर अंधुक झाली, आणि शेवटी मूत्रपिंडांनी हात टेकले. तेव्हापासून मंगळवार, गुरुवार, शनिवार, असे आठवड्याचे तीन दिवस ताइपिंगला जायचं. तिथे चार तास यंत्राला जोडून रक्त धुवून घ्यायचं आणि परत यायचं. नेणार कोण? मुलगी हायदा शाह आलमला नोकरीला. शेजारीपाजारी एकदा नेतील, दोनदा नेतील. तिसऱ्या वेळी त्यांच्या अंगणात जाऊन उभं राहायची झलेहालाच लाज वाटायला लागली.

मग तिने लायसन्स काढलं. तिसऱ्या खेपेला मिळालं.

शिकवलं खरं देरामाननेच. शेजारच्या सीटवर डोळे मिटून बसायचा आणि कानाने शिकवायचा. "आता क्लच. आता टाक. जोर कशाला लावतेस, तो आपणहून जाईल." तरुणपणी ती रबराच्या मळ्यात चीक काढायला जायची. मनगटात जोर होता, त्यामुळे गिअर ओढायची तो चाकूने साल काढल्यासारखा. "लेहा, झाड नाहीये ते," तो म्हणायचा. बसमध्ये उतारूंवर कधी आवाज न चढवलेला माणूस, बायकोवर मात्र घाट संपेपर्यंत चढवायचा. ती ऐकून घ्यायची. उत्तर द्यायला लक्ष रस्त्यावरून काढावं लागलं असतं.

अशी चार वर्षं गेली. गाडी तेवीस वर्षांची झाली.

गिअरबॉक्सचं दुखणं आधी त्यालाच ऐकू आलं. एका गुरुवारी परत येताना तो म्हणाला, "ऐकलंस?"

"काय?"

"तिसरा कुरकुरतोय."

"मला तर तुम्हीच कुरकुरताय असं ऐकू येतंय."

"अगं, खरंच. पाय उचललास की कण्हतो. नीट ऐक."

तिने ऐकलं, पण तिला काही कळलं नाही. तिला फक्त एवढं कळत होतं की घरी गेल्यावर भात टाकायचाय, भाजी दोनदा उकळून दोनदा पाणी फेकायचंय, कारण साध्या पालेभाजीतलं सत्त्वही आता त्याला विष होतं. केळं बंद, नारळपाणी बंद, दुरियन तर बंदच. पिण्याचं पाणी मापाने. त्याच्यासाठी बिनचवीचं शिजवायचं आणि मग स्वतःसाठी वेगळं करायचा कंटाळा येऊन तेच खायचं. या चार वर्षांत तिचंही वजन अकरा किलोने उतरलं होतं. बाजारातल्या बायका म्हणत, काय छान बारीक झालीस.

पुढच्या आठवड्यात घाट उतरताना तिसरा गिअर सुटला. खट् असा आवाज झाला, दांडा आपणहून मधे येऊन उभा राहिला, आणि गाडी मोकळी सुटल्यासारखी खाली धावायला लागली. तिने घाबरून ब्रेक दाबला.

"हलकेच," देरामान म्हणाला. "सुटला ना? परत टाक आणि हात ठेव वरती. धरून ठेव."

तेव्हापासून घाट आला की तिचा डावा हात दांड्यावर. चढताना काही नाही, इंजिन ओढत असलं की गिअर बसून राहायचा. उतार लागला, पाय उचलला, की तो सुटू बघायचा आणि ती त्याला दाबून धरायची. जाताना एक उतार, येताना एक उतार. आठवड्याला सहा वेळा. खांदा धरला. नमाजात कपाळ जमिनीला टेकवताना डावा हात थरथरायला लागला.

पेट्रोलपंपाच्या मागे लेचुमननचं गॅरेज होतं. पत्र्याचं छप्पर, पुढे पपईचं झाड, आत भिंतीवर देवाचा फोटो, आणि त्याला रोज सकाळी ताजं फूल. गावात सगळे त्याला अण्णे म्हणत. तो झलेहाला काक म्हणायचा, म्हणजे ताई, आणि देरामानला बांग, म्हणजे दादा. वयाने तो दोघांहून बराच लहान होता. त्याने गाडी एक फेरी मारून आणली आणि उतरून हात पुसले.

"काक, उतारावर पाय उचलला की सुटतो, बरोबर?"

"हो."

"चढावर नाही?"

"चढावर नाही."

"मग दुखणं आतलं आहे. पण आधी सोपं करून बघू. एकदम पोट फाडायला नको."

त्याने गिअरबॉक्समधलं तेल बदललं. जुनं तेल त्याने एका ताटलीत ओतून तिला दाखवलं. त्यात चंदेरी कीस चमकत होता. "हे तुमच्या गिअरचे दात," तो म्हणाला. "झिजून झिजून इथे आलेत." मग इंजिन ज्या रबरांवर बसतं ती रबरं बदलली. दांड्याचे सांधे घट्ट केले. दोन आठवडे बरं चाललं. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा खट्.

मग त्याने गिअरबॉक्स खाली उतरवला. त्या दिवशी सोमवार होता. झलेहा तिथेच प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून राहिली. ताइपिंगच्या रक्त धुण्याच्या केंद्रातही अशीच खुर्ची होती. तिला कधी कधी वाटायचं, आपण आयुष्याची ही वर्षं एकाच खुर्चीवर काढली, फक्त आजूबाजूच्या भिंती बदलत गेल्या.

लेचुमनन एक दातेरी चकती घेऊन आला आणि बोटाने दाखवायला लागला. "हे बघा. दात असे चौकोनी पाहिजेत. हे गोल झालेत, म्हाताऱ्याच्या हिरड्यांसारखे. धरणार कशाला? आणि गिअर सरकवणारा हा फोर्क, हासुद्धा झिजलाय."

"बदला मग."

"ह्या गाडीचे सुटे भाग यायचे बंद होऊन वर्षं झाली, काक. दुसऱ्या मोडलेल्या गाडीचा अख्खा गिअरबॉक्स आणायचा, तेवढाच उपाय. इपोहच्या भंगारवाल्यांना सांगून ठेवतो. चांगला मिळेपर्यंत थांबावं लागेल. वाईट आणला तर तुम्ही मलाच शिव्या द्याल."

"तोवर?"

"तोवर चालवू नका म्हणणार होतो," लेचुमनन म्हणाला. "पण उद्या मंगळवार आहे."

त्याने तोच गिअरबॉक्स परत चढवून दिला.

हायदा फोनवर म्हणाली, "आई, विकून टाक ती गाडी. मी हप्त्यावर घेऊन देते, गिअरच टाकायला नको अशी."

"बघू," झलेहा म्हणाली. नवी गाडी म्हणजे पुन्हा शिकणं आलं. पुन्हा कुठली बटणं, कुठले दिवे. तिला आता नवीन काही शिकायचं नव्हतं. आणि हायदाचे आधीच दोन हप्ते चालू होते, हे तिला ठाऊक होतं.

त्यानंतर तिसऱ्या शनिवारी ते झालं. ताइपिंगच्या बाजूचा उतार होता. टोल चुकवायला खडीचे ट्रक त्याच जुन्या रस्त्याने येत. तसाच एक मागे चिकटून येत होता. झलेहाने दांडा धरलाच होता, पण घामाने हात निसटला. गिअर सुटला. तिने परत टाकायला बघितलं तर जाईना, नुसता दळल्यासारखा आवाज. समोर वळण. तिने ब्रेक दाबला, पुन्हा दाबला. रबर जळल्याचा वास यायला लागला.

"दुसरा टाक," देरामान म्हणाला. त्याच्या आवाजात कसलीच घाई नव्हती. बसमध्ये बोलायचा तसा. "एकदा गॅस दे, मग दुसरा. हां. ब्रेक दाब, सोड. दाब, सोड. ट्रककडे बघू नकोस, तो बघेल त्याचं. पुढे डाव्या हाताला कलिंगडवाल्याची मोकळी जागा आहे, तिथे घे."

जागा होती. कलिंगडवाला नव्हता, नुसती बांबूची टपरी उभी होती. झलेहाने गाडी लावली, हँडब्रेक ओढला आणि तशीच बसली. ट्रक हॉर्न वाजवत गेला. रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. बहुतेक तेवढाही जोर उरला नव्हता.

"पोहोचायला उशीर होईल," ती म्हणाली.

"होऊ दे."

ते चाळीस मिनिटं उशिरा पोहोचले. तिथली सिस्टर म्हणाली, "मावशी, तुमच्यामागे दुसरा पेशंट असतो. त्याची वेळ मी कुठून आणू?" झलेहा म्हणाली, "बरोबर आहे तुमचं," आणि खुर्चीवर जाऊन भिंतीला डोकं टेकून झोपली. येताना ती अख्खा घाट दुसऱ्या गिअरवर आली. मागे लागलेल्या गाड्यांची रांग पार वरच्या वळणापर्यंत होती.

सोमवारी तिने गाडी लेचुमननकडे लावली. देरामान बरोबर होता. त्याला घरी एकट्याला ठेवायला तिला धीर होत नव्हता. त्याला गॅरेजातल्या खुर्चीवर बसवून ती बाजारातून मासे आणायला गेली. परत आली तेव्हा दोघे पुरुष गप्प बसले होते. लेचुमनन गाडीच्या नंबरच्या पाटीकडे बघत होता. तिला त्यात वावगं काही वाटलं नाही.

आता ट्रेन. गावाला स्टेशन होतं, ताइपिंगला जाणारी गाडी होती, पण ती सोयीच्या वेळी नव्हती आणि पलीकडच्या फलाटावर जायला पूल चढावा लागायचा. देरामान पाच पायऱ्या चढायचा आणि थांबायचा. पुन्हा पाच. पायातल्या सुजेमुळे चप्पल निसटायची, ती वाकून पुन्हा घालायची. ताइपिंगला उतरून टॅक्सी. परत येताना तर यंत्रावरून उठलेला माणूस, अंगात रक्त आहे की नाही कळू नये असा पांढरा, आणि पुन्हा तो पूल. एकदा एका तरुण मुलीने त्याला दुसऱ्या बाजूने धरलं. एकदा कुणीच नव्हतं, तेव्हा ती त्याला मधल्या टप्प्यावर भिंतीशी बसवून स्वतः शेजारी बसली. दोघांकडे बघून येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटलं असेल, म्हातारी माणसं वारा खात बसलीत.

एक आठवडा गेला, दुसरा गेला. लेचुमननला फोन केला की तो म्हणायचा, "नाही मिळाला, काक. बघतोय." त्याचा आवाज पडलेला असायचा. तिला वाटलं, धंदा मंद असेल.

तिसऱ्या आठवड्याच्या सोमवारी ती गॅरेजात गेली ती देरामानची पाठीमागे घ्यायची उशी गाडीत राहिली होती म्हणून. ट्रेनच्या बाकावर त्याची पाठ दुखायची. लेचुमनन चहा पीत होता. तिला बघून तो उठला, उगाचच. तिने मागचं दार उघडून उशी काढली आणि वळली, तर बाकावर एक गिअरबॉक्स होता. स्वच्छ धुतलेला, वर फडकं टाकलेलं. फडक्याखालून खडूने लिहिलेला नंबर दिसत होता. तिच्याच गाडीचा.

"अण्णे, हा कुणाचा?"

लेचुमननने पेला खाली ठेवला.

"तुमचाच," तो म्हणाला.

"कधी आला?"

"गुरुवारी. गेल्या नव्हे, त्याच्या आधीच्या."

"मग मला का नाही सांगितलंत? पुलावर चढून चढून त्यांचा जीव जायची पाळी आली, ठाऊक आहे तुम्हाला?"

"ठाऊक आहे, काक." त्याने खुर्ची पुढे केली, ती बसली नाही. "गाडी लावलीत त्या दिवशी तुम्ही बाजारात गेला होतात. तेव्हा बांग देरामान मला म्हणाले, गिअरबॉक्स मिळाला तरी मिळाला नाही म्हणून सांग. मी म्हटलं, का? म्हणाले, गाडी नसली की ती थांबेल. ट्रेनचा जिना मला महिनाभर काही झेपणार नाही. मग मीच म्हणेन, आता होत नाही. कुणाला दोष द्यायला नको."

झलेहा उशी पोटाशी धरून उभी होती.

"आणि तुम्ही ऐकलंत."

"सहा वर्षं त्यांच्या बसमधून शाळेत गेलोय मी. पास विसरलो तरी कधी उतरवलं नाही त्यांनी. त्यांना नाही कसं म्हणायचं मी?" लेचुमननने फडकं उचलून परत नीट टाकलं. "पण रोज सकाळी शटर उघडलं की हा समोर. तुमचा फोन आला की खोटं बोलायचं. तुम्हीच बघितलात ते बरं झालं."

"बसवा," झलेहा म्हणाली.

"त्यांना काय सांगू?"

"त्यांचं मी बघते."

घरी जायला पंधरा मिनिटं लागत. तिला त्या दिवशी किती लागली कुणास ठाऊक. आधी राग आला. मला न विचारता, माझ्या पाठीमागे, एका मेकॅनिकशी हा माणूस आपल्या मरणाचा सौदा करतो? मग रस्त्यातल्या बसथांब्यावर ती टेकली आणि तिच्या मनात दुसरंच काही आलं. मंगळवारची सकाळ. कुठे जायचं नाही. पडदे काढून धुवायचे, उन्हात घालायचे, आणि दुपारी आडवं व्हायचं ते जाग येईल तेव्हा उठायचं. हे चित्र इतकं चटकन आणि इतकं नीट उभं राहिलं की ती दचकली. जणू ते कधीपासून आत तयारच होतं, कुणी विचारायची वाट बघत. राग विझला. त्याच्या जागी जे आलं त्याला काय म्हणावं ते तिला कळेना. ती उठली आणि चालायला लागली.

त्या दिवशी ती काही बोलली नाही. बोलली ती मंगळवारी, स्टेशनच्या पुलावर. दहाव्या पायरीला तो थांबला होता, कठड्याला धरून, धापा टाकत.

"गिअरबॉक्स आलाय," ती म्हणाली. "बारा दिवस झाले."

देरामानने कपाळावरचा घाम पुसला. मग म्हणाला, "लेचुमननच्या पोटात काही राहत नाही. शाळेतही तसाच होता."

"त्याला नावं ठेवू नका. बाकावर पडला होता, मी बघितला. आता माझ्याशी बोला."

"ट्रेन चुकेल."

"चुकू दे."

तो हळूहळू खाली बसला. ती त्याच्या खालच्या पायरीवर बसली. माणसं बाजूने चढत होती, उतरत होती.

"घाट उतरताना तू श्वास धरून ठेवतेस, लेहा," तो म्हणाला. "अगदी खाली पोहोचेपर्यंत सोडत नाहीस. मला दिसत नाही, पण ऐकू येतं. आठवड्यातून सहा वेळा ऐकतो. त्या शनिवारी ट्रक मागे होता तेव्हा मी ठरवलं. मला जायचं तर जाऊ दे, तुला बरोबर नको."

"मग श्वास घे म्हणायचं. मरायला कशाला निघालात?"

"मरायला नाही. थांबायला."

"एकच ते."

"एकच नाही," तो म्हणाला. "चार तास त्या खुर्चीवर पायात गोळे येतात तेव्हा कळतं, एकच नाही."

खाली ट्रेन आली, दारं उघडली, मिटली, निघून गेली. दोघांपैकी कुणी हललं नाही.

"मलाही कंटाळा आलाय, अबांग," झलेहा म्हणाली. लग्न झाल्यापासून ती त्याला अशीच हाक मारत आली होती, पण गेली काही वर्षं हाक मारायचीही सवड होत नव्हती. "गाडीचा आलाय. त्या प्लास्टिकच्या खुर्चीचा आलाय. दोनदा भाजी उकळायचा आलाय. तुमचाही आलाय. काल मला वाटलं, नसती गाडी तर बरं झालं असतं. खरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. पण मला असं फसवून मोकळं करू नका. थांबायचं असेल तर मला सांगा, डॉक्टरला सांगा, हायदाला सांगा. मेकॅनिकला काय सांगता?"

"तुला सांगितलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणाले असते."

"आणि हो म्हणाली असतीस तर?"

तिने त्याची निसटलेली चप्पल परत पायात घातली.

"मला दोन्हीची भीती वाटली," देरामान म्हणाला.

पुढच्या ट्रेनला दीड तास होता. तिने केंद्रात फोन केला. सिस्टर आधी रागावली, मग म्हणाली, या, निम्मा वेळ तरी देते. दोघे तिथेच पायरीवर बसून राहिले. तिने डब्यातली बिस्किटं काढली, त्याने एक खाल्लं, तिने चार. फार बोलणं झालं नाही. पण बऱ्याच दिवसांनी त्यांच्यातली शांतता जड नव्हती. ती नुसती दमलेल्या माणसांची होती.

केंद्रातली डॉक्टरीणबाई तरुण होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "थांबायचा हक्क तुमचा आहे, कुणी जबरदस्ती करणार नाही. पण हे गोळे मला का नाही सांगितले?" तिने यंत्रावर पाणी काढायचं प्रमाण बदललं. मग विचारलं, "घरी पाणी जास्त पिता?" देरामान म्हणाला, "नाही." थोड्या वेळाने म्हणाला, "शेजारचा कधी कधी शहाळं देतो." झलेहाने त्याच्याकडे बघितलं. त्याला ते दिसलं नाही, पण कळलं असावं, कारण त्याने मान खाली घातली.

शेवटी असं ठरलं की यंदाची ईद होईपर्यंत चालू ठेवायचं. ईद झाली की पुन्हा बसून बोलायचं, तिघांनी, हायदा येईल तेव्हा. त्याला वाटलं तर थांबायचं. लपवाछपवी नाही.

बुधवारी लेचुमननने गाडी दिली. फेरी मारायला देरामानला पुढे बसवलं, झलेहा चालवायला, तो स्वतः मागे. गावाच्या बाहेर कालव्यापर्यंत गेले आणि आले. देरामान डोळे मिटून ऐकत होता.

"हा कुणीतरी मन लावून चालवलाय," तो म्हणाला. "दुसरा कधी रगडलेला नाही. रिव्हर्स मात्र रडतो."

"रिव्हर्स रडणार," लेचुमनन म्हणाला. "पण घाटात रिव्हर्स कशाला लागतोय? बांग, मी..."

"गप रे," देरामान म्हणाला. "तू तेव्हाही असाच होतास. बसची काच फोडली कुणी विचारलं की आधीच तोंड पाडून बसायचास."

लेचुमनन हसला आणि पपईच्या झाडाखाली जाऊन तोंड धुवायला लागला.

तिसरा गिअर त्यानंतर कधी सुटला नाही. चमत्कार काही झाला नाही. घाट तेवढाच लांब राहिला, ट्रक तसेच मागे चिकटत राहिले, भाजी दोनदाच उकळावी लागली. झलेहाचा खांदा पावसाळी हवेत दुखायचा तो दुखतच राहिला. ईद आली. हायदा आली. तिघे बसले. देरामान म्हणाला, "एवढ्यात नको, अजून बघू." पुढल्या वर्षी पुन्हा तेच झालं. तेव्हा तो म्हणाला, "हायदाचं बाळंतपण होऊ दे." नातू झाला. तो त्याने हातांनी चाचपून बघितला, नाक, कान, पावलं, आणि म्हणाला, पाय माझ्यावर गेलेत, ड्रायव्हर होणार.

तिसऱ्या ईदीला त्याने मांडीवरचा नातू हायदाकडे दिला. मग म्हणाला, "आता पुरे." कुणी वाद घातला नाही. झलेहाला वाटलं होतं की ती नाही म्हणेल. ती म्हणाली, "बरं." त्याने एक शहाळं मागितलं. तिने स्वतः फोडून आणलं.

अकरा दिवसांनी, घरी, सकाळच्या वेळी तो गेला. लेचुमनन कामाच्या कपड्यांतच आला आणि अंगणात उभा राहिला. कुणी आत बोलावलं तरी म्हणाला, हात काळे आहेत. जनाजा उचलला तेव्हा मात्र तो पुढे आला आणि कबरस्तानापर्यंत मागून चालत गेला.

त्यानंतर झलेहा दोन दिवस झोपली. हायदा तिला शाह आलमला चल म्हणत होती. झलेहा म्हणाली, पुढच्या महिन्यात बघू. हायदा गेल्यावर पडदे धुवायचे होते, ते काही तिने धुतले नाहीत.

एका गुरुवारी ती सवयीने उठली, अंघोळ केली, कपडे बदलले, आणि तयार होऊन ओट्याशी उभी राहिली. घरात कुणी नव्हतं. तिने गाडी काढली. तिठ्यावर आल्यावर घाटाकडे न वळता ती उलटी वळली, कुआला कांग्सारच्या बाजूला, सपाट रस्त्याने. नदीकाठच्या दुकानांच्या रांगेत एका टेबलावर ती एकटी बसली आणि लाक्सा मागवलं. आंबट, माशाच्या रश्शातल्या जाड शेवया. खूप दिवसांत तिने मीठमसाल्याचं, आपल्या मनाचं काही खाल्लं नव्हतं. पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी आलं ते तिखटाने की कशाने, ते तिने स्वतःलाही विचारलं नाही. निम्मं संपलं आणि तिला झोप यायला लागली. तिने उरलेलंही संपवलं.

घरी येऊन ती आडवी झाली. उन्हं उतरेपर्यंत तिला कुणी उठवलं नाही.